आपलं मऊ पाठीचं कासव आणि दुकानातलं लाल कानाचं कासव

तळ्याकाठी दिसलेलं प्रत्येक कासव आपलंच असेल असं नाही. आपल्या मऊ पाठीच्या कासवाच्या पाठीवर खवल्यांऐवजी कातडी असते, नाकाचं टोक नळीसारखं पुढे आलेलं असतं. त्याला उलटं करू नका, पण पोटाची बाजू दिसलीच तर मागच्या बाजूला दोन मांसल झडपा दिसतील. मागचे पाय आत ओढले की त्या बंद होतात. उन्हाळ्यात तळं आटलं की ते चिखलात गाडून घेऊन पावसाची वाट बघतं. शेतकऱ्यांच्या नांगराखाली ते सापडतं ते यामुळेच. गोगलगायी, मासे, बेडूक, पाणवनस्पती, मेलेली जनावरंसुद्धा खातं. तळ्याची सफाई त्यातून आपोआप होते.

लाल कानाचं कासव मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. डोळ्यामागे लाल पट्टा, पाठ कडक. पिल्लू नाण्याएवढं हिरवंगार, म्हणून लोक हौसेने घेतात. पुढे ते वीत-सव्वा वीत वाढतं, वीस-तीस वर्षं जगतं. नराची पुढची नखं लांब असतात, मादीच्या तोंडासमोर तो ती थरथरवतो. पिल्लं नर की मादी, हे अंड्यांना मिळालेल्या उष्णतेवर ठरतं.

पाळायला कोणतं बरं? माझ्या मते कोणतंच नाही. आपलं कासव 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, आणि परदेशी कासव कंटाळा आला म्हणून तळ्यात सोडलं तर ते देशी कासवांचं अन्न आणि ऊन खाण्याच्या जागा बळकावतं.