कुळागरातला कांडेचोर आणि ट्रॅप कॅमेरा

गोव्याच्या फोंडा तालुक्यातील आमच्या कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, पपई, चिकू आणि रसाळ फणस पिकू लागले की रात्री कोणीतरी त्यांचा समाचार घेते आणि त्याचा दोष रिवाजाप्रमाणे कांडेचोराच्या, म्हणजे एका जातीच्या उदमांजराच्या, माथी मारला जातो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार हा प्राणी संरक्षित असल्याने पिंजरा लावण्याचा प्रश्नच नव्हता; निदान चोर कोण हे कळावे, म्हणून हालचाल टिपणारा हा ट्रॅप कॅमेरा घेतला. सात हजार रुपयांच्या आतल्या या वस्तूने ते काम चोख केले, परंतु आता तो केवळ कांडेचोराला पाहण्यासाठीच झाडाला बांधलेला असतो.

रात्रीच्या चित्रणासाठी यात ९४० नॅनोमीटरचे अवरक्त दिवे आहेत. ८५० नॅनोमीटरच्या दिव्यांचा प्रकाश अधिक लांब पोहोचतो, मात्र त्यांचा मंद लाल ठिपका नजरेस पडतो. या कॅमेऱ्यातले दिवे दिसत नाहीत, त्यामुळे जनावर बिचकत नाही. चित्र कृष्णधवल आणि काहीसे दाणेदार येते, तरी तोंडावरचा काळा मुखवटा, डोळ्यांजवळचे फिकट ठिपके आणि जवळजवळ अंगाएवढी लांब शेपटी स्पष्ट ओळखता येते. पपईच्या खोडावर चढून तो एकेक फळ हुंगतो आणि कच्च्याला तोंड न लावता नेमके पिकलेलेच निवडतो. फळ कधी उतरवावे याची इतकी अचूक जाण आमच्या घरात कोणालाच नाही. शहाळ्यांना देठाजवळ पडणारी भोके उंदरांची निघाली आणि चिकूची बरीचशी उष्टी फळे वटवाघळांची, तेव्हा कांडेचोराच्या नावावर पपई आणि फणसाचे थोडे गरेच उरले. पुढे कॅमेरा विहिरीच्या कठड्याकडे वळवला, कारण तेथे त्याच्या विष्ठेत जांभळाच्या आणि भेरली माडाच्या बिया सापडत होत्या. कुळागराच्या कडेला कोणीही न लावलेली भेरली माडाची रोपे का उगवतात, याचा उलगडा त्यातून झाला आणि घरातील थोरांचाही त्याच्यावरचा राग बराच निवळला.

कॅमेऱ्याचा संवेदक उष्णतेतील फरकावर चालतो, त्यामुळे उन्हाने तापलेली झावळी वाऱ्यावर हलली तरी कार्ड रिकाम्या चित्रांनी भरते. संध्याकाळ ते पहाट एवढीच वेळ ठरवून दिल्यास हा त्रास थांबतो. कॅमेरा गुडघ्याएवढ्या उंचीवर आणि जनावर आडवे जाईल अशा बेताने बांधावा, कारण समोरून सरळ येणारे जनावर त्याला उशिरा जाणवते. पावसाळ्यात भिंगावर आतून बाष्प धरते, म्हणून सिलिका जेलची पुडी ठेवून ती वेळोवेळी बदलावी लागते. पट्ट्यावरून हुमल्यांची, म्हणजे झाडावरच्या तांबड्या मुंग्यांची, रांग लागली तर तिचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो. माहितीपुस्तिकेत अर्थातच त्याचा उल्लेख नाही.

यात आठ पेन्सिल सेल लागतात. पुन्हा चार्ज होणाऱ्या १.२ व्होल्टच्या सेलवर रात्रीचा प्रकाश लवकर मंदावतो आणि लिथियमचे सेल महाग पडतात, तेव्हा हा खर्च आधीच हिशेबात धरावा. चित्रे थेट मोबाईलवर पाठवणारे महागडे प्रकारही बाजारात आहेत, परंतु ज्यांचे कुळागर आमच्यासारखे डोंगराच्या खळग्यात आहे आणि जेथे फोनही नीट लागत नाही, त्यांनी त्यावर जादा पैसे घालू नयेत. सकाळी कार्ड काढून संगणकावर पाहिले की पुरते.