कथानक बांधण्यासाठी 'स्क्रिव्हनर': कार्डांचा फळा उत्तम, मराठीसाठी थोडी खटपट

नुसती कथा टाइप करायला वर्ड पुरतं. पण ठिणगी कुठं पडते, संघर्ष चढतो की नुसता लांबतो, उत्कर्षबिंदू वेळेवर येतो का, हे एका नजरेत बघायचं असेल तर लांबलचक फाइल वर-खाली सरकवून काही हाती लागत नाही. २००७ मध्ये आधी मॅकसाठी आलेलं आणि आता विंडोजवरही चालणारं 'स्क्रिव्हनर' हे लेखनाचं सॉफ्टवेअर तिथं खरोखर उपयोगी पडतं. त्यात सोयी ढीगभर आहेत. कथानकासाठी कामाच्या दोनच, कॉर्कबोर्ड (कार्डांचा फळा) आणि आउटलाइनर (प्रसंगांची रकान्यांतली यादी), म्हणून इथं तेवढ्याच तपासल्या आहेत.

नवा प्रोजेक्ट 'ब्लँक' टेम्प्लेटनं उघडा. डावीकडच्या बाइंडरमध्ये, म्हणजे प्रोजेक्टमधल्या मजकुरांच्या यादीत, 'ड्राफ्ट' फोल्डर असतं. त्यात एका प्रसंगाला एक डॉक्युमेंट करा. दिवाळी अंकाच्या ४००० शब्दांच्या कथेला बारा-चौदा प्रसंग पुष्कळ झाले. फोल्डर निवडून कॉर्कबोर्ड उघडला की प्रत्येक प्रसंगाचं एक कार्ड समोर येतं. कार्डावर दोनच वाक्यं लिहा: कोण काय करतं, आणि त्यामुळे काय बदलतं. दुसरं वाक्य सुचतच नसेल तर तो प्रसंग नाही, वर्णन आहे. ते शेजारच्या कार्डात मिसळून टाका.

दोन भावांच्या सामाईक विहिरीची गोष्ट घेऊ. तिसरं कार्ड: 'धाकटा थोरल्याला न विचारता विहिरीवर पंप बसवतो. पाण्याच्या हिश्शाचा प्रश्न उघड्यावर येतो.' ही ठिणगी. चौथं कार्ड: 'थोरल्याची सून माहेरी जाते.' या दोन कार्डांमध्ये 'म्हणून' किंवा 'पण' बसतच नाही, फक्त 'आणि मग' बसतं. म्हणजे साखळी इथंच तुटली. त्याजागी 'वीजमीटर थोरल्याच्या नावावर असल्यानं तो जोडणी तोडायला लावतो. धाकट्याची भाजी वाळू लागते' असं कार्ड ठेवलं की गाठ आवळते. शेवटाकडच्या कार्डावर 'रात्री धो धो पाऊस पडतो, विहीर तुडुंब भरते' असेल तर तेही काढा. पावसानं भांडण मिटलं की कुणालाच काही ठरवावं लागत नाही. थोरला वीज जोडून द्यायला तयार होतो, पण त्या बदल्यात हिस्सा सोडल्याच्या कागदावर सही मागतो; आता धाकट्यानं ठरवायचं. हा उत्कर्षबिंदू. कार्डं माउसनं ओढून क्रम बदलला की बाइंडरमध्ये मूळ मजकूरही त्याच क्रमानं लागतो, म्हणून असे फेरफार करायला हात आखडत नाही.

प्रत्येक कार्डाला 'स्टेटस' देता येतं आणि ते कार्डावर तिरक्या शिक्क्यासारखं दिसतं. मुळात स्टेटसची यादी 'पहिला खर्डा', 'सुधारित खर्डा' अशा कामांसाठी आहे. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये जाऊन ती पुसा आणि कथानकाचे टप्पे घाला. बहुतेक जण इथं जर्मन लेखक गुस्टाफ फ्रायटागचा १८६३ चा पिरॅमिड, म्हणजे कथानकाच्या चढ-उताराचा आराखडा, वापरतात. तो ग्रीक नाटकांवरून आणि शेक्सपिअरच्या पाच अंकी नाटकांवरून बेतलेला आहे, त्यामुळे त्यात शिखर मधोमध येतं. आजच्या कथेत तसं केलं तर पुढचा अर्धा भाग रेंगाळतो. नाट्यशास्त्रातले पाच संधी, म्हणजे कथानकाचे टप्पे, या कामाला अधिक चांगले वाटतात: मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण. मुखात बीज पडतं, गर्भात हाती आलेलं निसटतं आणि पुन्हा शोधावं लागतं, विमर्शात मोठं विघ्न येतं, निर्वहणात सगळे धागे एकत्र येतात. कथा मध्यावर ढेपाळली असेल तर फळ्यावर 'गर्भ'चे शिक्के किती आहेत ते बघा. बहुधा एखादाच निघतो.

उपकथानकांसाठी 'लेबल', म्हणजे कार्डाला दिलेली रंगीत खूण. तिसऱ्या आवृत्तीत कार्डं लेबलनुसार रंगीत रेघांवर मांडता येतात. एका रेघेवर विहीर, दुसरीवर सुनेचं माहेर. दुसऱ्या रेघेवर सुरुवातीला दोन कार्डं आणि पुढं थेट शेवटचं, असं दिसलं की ते उपकथानक वाचक तोवर विसरलेला असणार. कादंबरीसाठी ही सोय फार मोलाची आहे, लघुकथेला एरवी लागत नाही.

आउटलाइनरमध्ये शब्दसंख्या आणि उद्दिष्ट हे रकाने चालू करा. ४००० शब्दांची एक चालणारी विभागणी अशी: ओळख ४००, ठिणगी ३००, चढता संघर्ष २३००, उत्कर्षबिंदू ६००, उतार आणि उकल ४००. नेहमीची चूक म्हणजे ओळखीतच हजार-बाराशे शब्द खर्ची पडणं. इथं तो आकडा डोळ्यांसमोर राहतो.

आता त्रास. मेनू मराठीत नाहीत. देवनागरी नेहमीच्या कीबोर्डनं टाइप होते, पण 'कंपाइल' करताना, म्हणजे सगळे प्रसंग जोडून एक फाइल काढताना, तयार साच्याचा फॉन्ट लागू होतो आणि त्यात देवनागरी नसेल तर मजकुराचं रूप पालटतं; तिथं फॉन्ट स्वतः निवडा, आणि अंकाला पाठवण्याआधी जोडाक्षरं नजरेखालून घाला. प्रोजेक्ट म्हणजे अनेक छोट्या फाइलींचं गाठोडं असतं, त्यामुळे क्लाउडवर ठेवून दोन संगणकांवर एकाच वेळी उघडलं तर मजकुराची सरमिसळ होते. अँड्रॉइडसाठी आवृत्ती नाही, म्हणजे फोनवर लिहिणाऱ्या बहुसंख्य मराठी लेखकांचा यात विचारच झालेला नाही. ही उणीव मोठी आहे.

पैसे एकदाच भरायचे, मासिक वर्गणी नाही. मात्र मॅक आणि विंडोजचे परवाने वेगळे घ्यावे लागतात. चाचणी आवृत्ती प्रत्यक्ष वापराच्या ३० दिवसांची आहे. आठवड्यातून दोनदाच उघडलं तर ती पंधरा आठवडे पुरते, आणि तेवढ्यात एक कथा कार्डांपासून पक्क्या खर्ड्यापर्यंत नेता येते.