विहिरीची पातळी मोजायला लोरा की वाय-फाय?

लातूरकडची आमची विहीर घरापासून दीड किलोमीटरवर, मधे ऊस. पाणी किती उरलंय हे घरबसल्या कळावं, एवढीच गरज. त्यासाठी दोन पर्याय: वाय-फाय, नाहीतर लोरा, म्हणजे कमी विजेत थोडी माहिती लांबवर पाठवणारी रेडिओ पद्धत.

वाय-फाय असलेला ईएसपी३२ हा छोटा कंट्रोलर बोर्ड स्वस्त, प्रोग्राम करायला सोपा. पण त्याची २.४ गिगाहर्ट्झची लहर उसाच्या ओल्या पानांतच विरते. साध्या अँटेनावर शंभरेक मीटर गेली तरी खूप. शिवाय पाठवताना दोनशे मिलिअँपिअरच्या पुढे करंट ओढतो.

लोरा आपल्याकडे विनापरवाना ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झवर चालतो. अँटेना उंच बांधली आणि मधे टेकाड नसलं, तर काही किलोमीटर सहज. किंमत मोजावी लागते ती वेगात: सर्वांत लांब पल्ल्याच्या सेटिंगला सेकंदाला जेमतेम ३०० बिट. पातळीचा आकडा दोन बाइटचा, तोही पंधरा मिनिटांनी एकदा. मधल्या वेळात बोर्ड झोपवला की छोट्या सोलर पॅनलवर निभतं. माझ्या मते विहिरीला लोराच.

इमारतीची कंपनं मोजायची असतील, तर मात्र हिशेब उलटा. किल्लारीचा १९९३ चा भूकंप आठवणाऱ्या आपल्या भागात हे काम मला फार मोलाचं वाटतं. तीन अक्षांवर सेकंदाला १०० नोंदी, प्रत्येकी १६ बिट, म्हणजे सेकंदाला ४,८०० बिट. लांब पल्ल्याच्या लोराला ते झेपत नाही. तिथे वाय-फाय घ्या, नाहीतर नोंदी मेमरी कार्डावर साठवून लोरावरून फक्त सर्वांत मोठा धक्का कळवा.