पार्ट बंद झाल्याचा शेरा आणि सुचवलेला पर्याय: काही महिन्यांच्या वापरानंतर

डिजी-की आणि माउझर या इलेक्ट्रॉनिक पार्ट विकणाऱ्या वितरकांच्या साइटवर पार्ट कसा शोधायचा, बीओएम (बोर्डावरच्या पार्टांची यादी) कसा चढवायचा हे इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. लिहायचंय ते पार्ट नंबरापुढे लागणाऱ्या शेऱ्याबद्दल आणि त्याखालच्या पर्यायांच्या यादीबद्दल. निमित्त असं झालं की एका वितरकाच्या यादीत टेपवरचा २एन७००० बंद दिसत होता आणि त्याखाली ‘सिमिलर’ म्हणून बीएस१७० सुचवला होता. तो बोर्डांवर बसवला आणि पॉवर देताच सगळे रिले ओढले गेले ते सुटेचनात.

पार्टमध्ये काहीच खोट नव्हती. दोन्ही एन-चॅनेल मॉसफेट (गेटवरच्या व्होल्टेजने चालू-बंद होणारे ट्रान्झिस्टर), दोन्ही ६० व्होल्टचे, दोन्ही टीओ-९२ या तीन पायांच्या पॅकेजमध्ये. करंट बीएस१७० उलट जास्तच झेपवतो. पण सपाट बाजू आपल्याकडे धरून डावीकडून पाय मोजले तर २एन७००० मध्ये सोर्स, गेट, ड्रेन असा क्रम येतो आणि बीएस१७० मध्ये ड्रेन, गेट, सोर्स. एकाच्या जागी दुसरा बसवला की सोर्स रिलेकडे जातो, ड्रेन ग्राउंडला, आणि मॉसफेटच्या आत मुळातच असलेला बॉडी डायोड सरळ दिशेने वाहू लागतो. गेट काहीही म्हणो, लोड चालूच राहतो. गेट मधोमध असल्यामुळे पार्ट काढून १८० अंशांत फिरवून लावला की बोर्ड सुधारतो, म्हणजे पार्टचे पैसे वाया जात नाहीत. डिसोल्डरिंगची मजुरी मात्र पार्टच्या किमतीच्या कितीतरी पट जाते.

सगळ्या तक्रारीचं मूळ इथे आहे. पर्यायांची यादी तक्त्यातल्या रकान्यांवरून जुळवली जाते: व्होल्टेज, करंट, ऑन-रेझिस्टन्स (चालू असतानाचा रोध), पॅकेज, तापमान. त्यात पायांच्या क्रमाचा रकानाच नाही. टीओ-९२ आणि एसओटी-२३ सारख्या तीन पायांच्या पॅकेजमध्ये तोच रकाना सगळ्यात आधी हवा. बीसी५४७ या ट्रान्झिस्टरचा क्रम कलेक्टर, बेस, एमिटर आणि २एन३९०४ चा एमिटर, बेस, कलेक्टर. तक्त्यात मात्र दोघे सख्खे भाऊ वाटतात. इतके रकाने भरणाऱ्यांना हा एक भरणं अवघड नाही, आणि तो नसल्यामुळे लोकांचे बोर्ड फुकट जातात.

आता शेऱ्यांकडे. डिजी-कीवर ‘ॲक्टिव्ह’, ‘नॉट फॉर न्यू डिझाइन्स’, ‘लास्ट टाइम बाय’ (शेवटच्या खरेदीची संधी), ‘ऑब्सोलीट’ (उत्पादन बंद) आणि ‘डिस्कंटिन्यूड ॲट डिजी-की’ असे शेरे दिसतात. शेवटचा शेरा बाकीच्यांपेक्षा वेगळा आहे. त्याचा अर्थ एवढाच की या वितरकाने तो नंबर ठेवणं थांबवलंय. कारखान्यात तो बनत असू शकतो. अशा वेळी तोच नंबर माउझर, एलिमेंट१४ आणि उत्पादकाच्या स्वतःच्या पानावर टाकून बघायचा. ‘नॉट फॉर न्यू डिझाइन्स’ म्हणजेही पार्ट मेलेला नाही. चालू उत्पादनाला तो मिळत राहतो, फक्त नवीन सर्किटमध्ये घालू नका असं उत्पादक सांगतोय.

सुरुवातीला ‘ऑब्सोलीट’ दिसलं की दुसरा पार्ट शोधायला लागावं असं माझं मत होतं. आता ते बदललंय. शेरा पूर्ण ऑर्डर नंबराला लागतो, आतल्या सिलिकॉनला नाही. शिशासारख्या घातक पदार्थांवर बंधन घालणाऱ्या २००६ च्या आरओएचएस नियमांनंतर शिशाच्या मुलाम्याचे कितीतरी नंबर बंद झाले आणि त्याच चिपला नवी शेपटी लागली: आयआरएफ५४०एन चा आयआरएफ५४०एनपीबीएफ झाला. कंपन्या विकल्या गेल्या की असंच होतं. २०१६ मध्ये ऑन सेमीकंडक्टरने फेअरचाइल्ड घेतली. ऑनच्या प्रणालीत नंबरामधली अंडरस्कोर चालत नव्हती, म्हणून फेअरचाइल्डच्या अशा नंबरांत तिच्या जागी डॅश आला. जुन्या बीओएममधला नंबर शोधला तर सापडत नाही, पार्ट मात्र तोच असतो. म्हणून आधी शेपटी काढून मूळ नंबर शोधायचा, मग पॅकेज, तापमान आणि टेप-रील यांची अक्षरं उत्पादकाच्या ऑर्डरिंग तक्त्याशी ताडून बघायची. या एका सवयीने पैसे वाचतात.

पर्यायांच्या लेबलांत ‘डायरेक्ट’ आणि ‘मॅन्युफॅक्चरर रेकमेंडेड’ ही दोन कामाची. ‘डायरेक्ट’वर मी बऱ्यापैकी विश्वास ठेवतो, तरी दोन्ही डेटाशीटमधलं पिनचं चित्र शेजारी ठेवल्याशिवाय ऑर्डर देत नाही. उत्पादकाने सुचवलेला पार्ट चांगला असतो, पण बोर्डावरच्या त्याच फुटप्रिंटवर (पायांच्या जागांवर) बसेलच असं नाही. ‘सिमिलर’ हा फक्त शोधाला सुरुवात करून देणारा इशारा समजावा.

पाय जुळले तरी काय चुकतं त्याचा नमुना म्हणजे आयआरएलझेड४४एन या मॉसफेटच्या जागी आयआरएफझेड४४एन लावणं. तक्त्यात दुसरा पहिल्यापेक्षा सरस दिसतो: दोन्ही ५५ व्होल्ट, करंट ४७ ऐवजी ४९ अँपियर, ऑन-रेझिस्टन्स २२ ऐवजी १७.५ मिलिओहम. पण हे आकडे गेटवर १० व्होल्ट असतानाचे आहेत. पहिल्याचा थ्रेशोल्ड (ज्या गेट व्होल्टेजला तो चालू व्हायला लागतो) १ ते २ व्होल्ट, दुसऱ्याचा २ ते ४. मायक्रोकंट्रोलरच्या ५ व्होल्टवर दुसरा अर्धवट चालू होतो आणि तापतो. थ्रेशोल्डचा आकडा बघूनही भागत नाही. तुमच्या गेट व्होल्टेजला ऑन-रेझिस्टन्सची हमी डेटाशीटमध्ये लिहिलेली आहे का, ते बघायचं.

व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटरचं दुखणं याहून लपलेलं असतं. सिरॅमिक कपॅसिटरवर स्थिर राहणाऱ्या रेग्युलेटरच्या जागी एलएम१११७ लावला तर पाय आणि व्होल्टेज जुळू शकतं, पण त्याला आउटपुट कपॅसिटरचा ईएसआर (कपॅसिटरचा आतला रोध) ०.३ ते २२ ओहममध्ये लागतो. सिरॅमिकचा ईएसआर काही मिलिओहमच असतो, त्यामुळे आउटपुट डोलू लागतं. मल्टिमीटर निवांत ३.३ दाखवतो, डोलणं कळतं ते ऑसिलोस्कोपवर. तिथे १० मायक्रोफॅरडचा टँटलम लावावा.

तारखेबाबतही नाराजी आहे. ‘लास्ट टाइम बाय’ लिहितात, पण शेवटची ऑर्डर कधीपर्यंत द्यायची ते शेऱ्याशेजारी दिसत नाही. डिजी-कीच्या पानावर कागदपत्रांच्या रांगेत ‘पीसीएन ऑब्सोलेसन्स’ नावाची पीडीएफ (पार्ट बंद करत असल्याची उत्पादकाची नोटीस) असली तर ती उघडायची. शेवटची ऑर्डर, शेवटची डिलिव्हरी आणि उत्पादकाचा पर्यायी नंबर सहसा तिच्यातच असतो. जे-एसटीडी-०४८ या मानकानुसार नोटिशीपासून ऑर्डरला किमान ६ महिने आणि डिलिव्हरीला १२ महिने मिळायला हवेत. पार्ट गोदामात दिसतोय म्हणून ती तारीख लांब आहे असं मात्र समजू नये.

शेवटची खरेदी सहसा रद्दही होत नाही आणि परतही घेत नाहीत, तेव्हा आकडा आधी कागदावर मांडा. समजा वर्षाला ३०० बोर्ड, प्रत्येकी २ पार्ट आणि नवं डिझाइन तयार व्हायला दीड वर्ष. हे ९०० झाले. मशीनवरच्या नासाडीचे ५ टक्के म्हणजे ४५ आणि दुरुस्तीसाठी ४० धरले तर ९८५. १००० च्या रीलवर थांबा. स्वस्त पडतात म्हणून ३००० ची रील उचलली तर कुरिअर-कस्टम्ससह पैसे कपाटात अडकतात. पिशवीवर एमएसएल (पार्ट ओलावा किती सोसतो त्याची पातळी) ३ असेल तर उघडल्यावर १६८ तासांत सोल्डर व्हायला हवं, म्हणून उरलेले पार्ट ड्राय कॅबिनेटमध्ये किंवा नवी सिलिका जेल घालून व्हॅक्यूम सील करून ठेवा. मुदत उलटली तर बेक केल्याशिवाय (भट्टीत वाळवल्याशिवाय) सोल्डर वितळवणाऱ्या रीफ्लोमध्ये घालू नका, आतली वाफ पॅकेज फोडते.

खरोखर बंद झालेल्या सेमीकंडक्टरसाठी रॉचेस्टर इलेक्ट्रॉनिक्सकडे बघावं. उत्पादकांच्या परवानगीने ते जुना साठा विकतात आणि काही पार्ट पुन्हा बनवतातही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबापाशी तोच नंबर मिळाला तर आधी पाचच घ्या. वरची छपाई ॲसिटोनच्या बोळ्याने पुसून बघा. रंग उतरून खाली दुसरा पोत दिसला तर चिप रिमार्क केलेली (जुन्या छपाईवर नवा नंबर छापलेली) आहे. छपाई टिकली तरी गेट थ्रेशोल्ड आणि ऑन-रेझिस्टन्स बेंचवर मोजूनच बाकीचे घ्या.