पिकअपच्या ब्रेक लाइटसाठी साधा टेस्ट लॅम्प: घ्यावा का?

घ्यावा, पण आत खरा फिलामेंट बल्ब असलेलाच. (टेस्ट लॅम्प म्हणजे एका बाजूला अणकुचीदार टोक, दुसऱ्या बाजूला वायरीला चिमटा आणि मध्ये बल्ब.) एलईडीवाला नको. एलईडी इतका कमी करंट ओढतो की गंजलेल्या जोडातूनही मजेत पेटतो आणि वायर ठीक असल्याचा भास होतो. नुसत्या मल्टिमीटरचंही तेच: लोड नसताना १२ व्होल्ट दाखवतो, २१ वॅटचा बल्ब मात्र पेटत नाही.

वापर सोपा. चिमटा चॅसिसच्या (गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या) रंग खरवडलेल्या जागी लावायचा आणि टोक तपासायच्या जागी टेकवायचं. दोन्ही ब्रेक लाइट बंद असतील तर आधी फ्यूज, मग पेडलवरचा स्विच. दोन वायरींच्या स्विचमध्ये एक वायर कायम जिवंत, दुसरी पेडल दाबल्यावरच. दुसरीवर लॅम्प पेटला नाही तर स्विच गेला किंवा सरकला.

एकच बाजू बंद असेल तर बल्ब आणि होल्डर. ब्रेक दाबल्यावर टेल लाइट किंवा इंडिकेटर मंद लुकलुकला, तर अर्थ (अर्थिंग, म्हणजे होल्डरपासून चॅसिसला जाणारी जोडणी) खराब. इथे या लॅम्पचे पैसे वसूल होतात: चिमटा बॅटरीच्या पॉझिटिव्हला, टोक होल्डरच्या अर्थवर. मंद पेटला की समजा, हौद्याखालच्या चिखलपाण्याने अर्थचा जोड खाल्लाय.

दोष दोन. अणकुचीदार टोकाने वायरीला भोक पडतं, तिथून पाणी शिरतं. म्हणून कनेक्टरच्या मागच्या बाजूने तपासा. आणि एअरबॅग किंवा ईसीयूच्या (गाडीच्या कंप्युटरच्या) वायरींना हा लॅम्प चुकूनही लावू नका.