शेवटचे चार आकडे

परवा एका मैत्रिणीने मोबाइलवर आलेला मेसेज दाखवला : ‘ताई, तुमच्या साइटवर जाहिराती चुकीच्या जागी आहेत, कमाई दुप्पट करून देतो.’ शब्दन्‌शब्द ओळखीचा. गेल्या गणपतीत हाच मेसेज मला आला होता आणि मी त्या माणसाला साडेचार हजार रुपये दिले होते.

माझी पाककृतींची छोटी साइट आहे. एरवी तिकडे कुणी फारसं फिरकत नाही, पण दिवाळीआधी चकलीच्या भाजणीवर लोक तुटून पडतात. साइटवर जाहिराती लावून त्यांचे पैसे देणाऱ्या गूगल ॲडसेन्सचे पैसे १०० डॉलर साठल्याशिवाय बँकेत येत नाहीत आणि मला तेवढे साठवायला आठ-नऊ महिने लागतात. ‘दुप्पट’ शब्दाला मी तिथेच भुलले.

माणूस बोलायला लोण्यासारखा. तासभर जाहिरातींचे प्रकार समजावत होता : स्क्रीनच्या तळाशी चिकटून राहणारी, पान बदलताना अख्खी स्क्रीन व्यापणारी, मजकुराच्या मध्ये येणारी. साहित्य आणि कृती यांच्या मध्ये काही नको, म्हणून मी भांडभांड भांडले. जागेवरून भांडण्यात एवढी रमले, की साइट ज्यावर चालते त्या वर्डप्रेसचं ॲडमिन लॉगिन, म्हणजे साइटच्या सगळ्या किल्ल्या, देताना क्षणभरही थांबले नाही.

दिवाळीच्या आधी काकूंचा फोन आला. “अगं, माझे हात पिठाने बरबटलेले आणि तुझ्या चकलीतून एक माणूस ‘कर्ज घ्या, कर्ज घ्या’ ओरडायला लागला! बंद करायची फुलीही सापडेना.” आवाजासकट आपोआप सुरू होणारे व्हिडिओ लोकांना इतके नकोसे असतात, की ते वारंवार दाखवणाऱ्या साइटच्या जाहिराती क्रोम २०१८पासून अडवतो. मला हे नंतर कळलं. त्याला विचारलं तर म्हणाला, “ताई, जास्त पैसे त्यालाच मिळतात.”

मिळत होतेच, पण मला नाही. वाचक नेहमीपेक्षा जास्त आणि कमाई आदल्या वर्षाच्या निम्मी. तो म्हणे, सध्या दर पडलेत. ऐन दिवाळीच्या तोंडावर? दर पडतात ते जानेवारीत, एवढं मलाही ठाऊक होतं. तिथे पहिल्यांदा पाल चुकचुकली.

रात्री लॅपटॉपवर पान उघडून, राइट क्लिक करून ‘व्ह्यू पेज सोर्स’, म्हणजे पानामागचा कोड, काढला. त्यात जाहिरातीच्या कोडमध्ये ‘पब’ या अक्षरांपुढे सोळा आकडी नंबर असतो. तो ज्याचा, जाहिरातीचे पैसे त्याचे. आधार नंबर जुळवावा तसे बोट ठेवून आकडे जुळवले. अगदी तळाच्या दोन जाहिराती माझ्या. चिकटणारी, मधली, वरची, सगळ्यांचे शेवटचे चार आकडे भलतेच. ओरडणारा व्हिडिओ तर तिसऱ्याच जाहिरात कंपनीचा. आपल्या साइटवर जाहिराती विकायची परवानगी कुणाला आहे, ते ‘ॲड्स डॉट टीएक्सटी’ नावाच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. तिथेही तो स्वतःची ओळ घालून बसला होता. माझ्या दोन जाहिराती त्याने मुद्दाम ठेवल्या असणार, कारण कमाई शून्यावर आली असती तर मी लगेच जागी झाले असते.

पासवर्ड बदलला, तरी दुसऱ्या दिवशी त्याचा नंबर पुन्हा हजर. युजर्सच्या यादीत ‘सपोर्ट’ नावाचा आणखी एक ॲडमिन निघाला. तो उडवला, त्याने साइटवर टाकलेलं प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) काढलं, फाइलमधली ओळ पुसली, सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. साडेचार हजार अजून आलेले नाहीत.

मैत्रिणीला विचारलं, “लॉगिन दिलंस का?” ती काही बोलली नाही, उठून लॅपटॉप घेऊन आली.