कोबीला चुना घालावा की जिप्सम? इंदूरकरांसाठी

दुपारी कोबी माना टाकतो, संध्याकाळी सावरतो. रोप उपटलं तर मुळं सुजलेली. मोबाइलवर शोधलं की हमखास सल्ला मिळतो: क्लबरूट (मुळं सुजवणारा रोग) आहे, चुना टाका. पण हा सल्ला आम्लधर्मी मातीसाठीचा आहे.

क्लबरूटच्या सूक्ष्मजीवाला आम्ल आणि ओलसर माती मानवते. सामू (pH; आकडा जितका कमी तितकी माती आम्ल) ६.५ च्या खाली असला की त्याचा जोर वाढतो, ७.२ च्या वर गेला की मंदावतो. कॅल्शियम आणि बोरॉन पुरेसं असेल तर केसमुळांत त्याची वाढ अडखळते. म्हणून आम्ल जमिनीत चुना सरस ठरतो, कारण कॅल्शियम देताना तो सामूही चढवतो. जिप्सम कॅल्शियम आणि गंधक देतं, आम्लता मात्र तशीच राहते. म्हणजे निम्मंच काम.

आपली माळव्याची काळी माती बहुधा ७.५ च्या पुढेच असते, खणलं तर चुनखडीचे खडे लागतात. तिथे आणखी चुना म्हणजे पैसे मातीत (खरोखरच). शिवाय लोह, जस्त, बोरॉन पिकाला मिळेनासं होतं. फ्लॉवर तर बोरॉनसाठी फारच हळवा: गड्ड्यावर तपकिरी डाग, दांडा आतून पोकळ. चुन्याच्या पैशात थोडा टाकणखार (बोरॅक्स, त्यातून बोरॉन मिळतं) आणा, तोही मोजूनच. जास्त झाला तर पीक जळतं. जिप्समचा उपयोग आहे, पण सोडियममुळे माती चिकट होऊन पाणी तुंबतं तिथे. रोगासाठी म्हणून आणू नका.

गच्चीवरच्या कुंड्यांचं गणित वेगळं. कोकोपीट बहुधा आम्लाकडे झुकलेलं असतं, कॅल्शियमही कमी. तिथे चुनखडीची बारीक भुकटी लावणीआधी काही आठवडे मिसळा. पानाच्या टपरीवरचा चुना नको, तो फार तिखट असतो.

आणि मुळं नीट पाहा. मण्यांसारख्या बारीक गाठी असतील तर ते सूत्रकृमींचं (मातीतल्या सूक्ष्म किड्यांचं) काम. निंबोळी पेंड घाला, पुढच्या हंगामात झेंडू लावा. बोटांसारखी जाड, वेडीवाकडी सूज मात्र क्लबरूटची. ती दिसली तर रोपं कुठून आणली ते आधी आठवा आणि ते रोप कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका. कंपोस्टची इंदूर पद्धत याच गावची असली, तरी अर्धवट तापलेल्या ढिगात क्लबरूटचे बीजाणू तगतात आणि मातीत दहा-पंधरा वर्षं टिकतात.